वकीलसाहेब, आमच्या मुतवल्लीशी मराठीत बोला

गेल्या वर्षभरात आपल्या समाजात कायद्यावर जितकी भाषणं झाली, तितकी मागच्या वीस वर्षांत झाली नसतील. 8 एप्रिल 2025 ला वक्फ सुधारणा कायदा लागू झाला आणि व्हॉट्सॲपवर पोस्टरांचा पाऊस सुरू झाला. हिरवी-निळी पार्श्वभूमी, चार गोल फोटो, प्रत्येकाखाली 'ज्येष्ठ विधिज्ञ', 'ॲडव्होकेट, उच्च न्यायालय', 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड', सर्वात खाली झूमची लिंक आणि पासकोड. शनिवारी रात्री नऊ वाजता, म्हणजे इशा झाली की. मी यातले बरेच ऐकले. काही शेवटपर्यंत ऐकले. दोन परिषदांना प्रत्यक्ष गेलो, शाल घालून घेणाऱ्यांना टाळ्याही वाजवल्या. आणि आता स्पष्ट लिहितो, की यातल्या बहुतेक कार्यक्रमांचा आपल्या गावच्या मशिदीला, दर्ग्याला, कब्रस्तानला काडीचा उपयोग झाला नाही.

राग येईल काहींना. येऊ द्या. आधी सांगतो की भाषणं चुकीची नव्हती. संविधानाचं कलम 25, 26, कलम 300 अ, 'वक्फ बाय यूजर' म्हणजे वापराने झालेला वक्फ ही कल्पना कायद्यातून पुढच्या काळासाठी का काढली, जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या अधिकारांवर काय आक्षेप आहेत, 15 सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने कशाला स्थगिती दिली आणि कशाला नाही, हे सगळं महत्त्वाचं आहे. पाच वर्षं इस्लामचं पालन करत असल्याची अट स्थगित झाली, हे कळायलाच हवं. वकिलांनी ते एकमेकांना सांगावं, एकमेकांशी वाद घालावा. त्यांचा तो व्यवसाय आहे, आणि डॉक्टरांच्या परिषदा होतात तशा वकिलांच्याही व्हाव्यात. तक्रार तिथे नाही.

तक्रार अशी आहे, की पोस्टरवर लिहिलेलं असतं 'मुतवल्ली, ट्रस्टी व समाजबांधवांसाठी मार्गदर्शन'. आणि पडदा उघडला की मार्गदर्शन होतं इंग्रजीत, मधूनमधून लखनवी थाटाच्या उर्दूत. मराठी येते ती फक्त आभारप्रदर्शनात.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. लोकांना वाटतं उर्दू म्हटलं की आपल्या सगळ्या मुसलमानांना कळणारच. नाही कळत. माझ्या वर्गात पन्नास मुलं असतात, त्यांच्या घरात जी बोलतात ती दखनी, आणि तिच्यात निम्मे शब्द मराठी. कोकणातला मुसलमान कोकणी बोलतो. सांगली-कोल्हापूर-सातारकडच्या गावातला मुतवल्ली शेतकरी आहे, त्याचा सातबारा मराठी, फेरफार मराठी, ग्रामपंचायतीचा आठ-अ मराठी, तलाठ्याशी बोलणं मराठी. त्याला 'मुतनाज़ा जायदाद की निशानदेही' म्हटलं तर तो मान डोलावतो, कारण उर्दू कळत नाही असं चारचौघांत म्हणायची लाज वाटते. 'वादातल्या जमिनीच्या हद्दी कायम करणे' म्हणा, तो लगेच वही काढेल. भूमी अभिलेखचा मोजणीवाला कधी येतो आणि फी किती, हे तोच उलट तुम्हाला सांगेल.

यात गंमत अशी आहे, की हेच वकीलसाहेब सोमवारी सकाळी मराठीतच काम करतात. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, 1998 साली तशी अधिसूचना निघालेली आहे. तहसीलदारापुढे, प्रांताधिकाऱ्यापुढे ते मराठीतच अर्ज देतात, मराठीतच भांडतात, आणि फार चांगलं भांडतात. उच्च न्यायालयात इंग्रजी लागते, कलम 348 आहे, मान्य. पण झूमला कलम 348 लागू नाही! तिथे इंग्रजी कोणासाठी असते? मला वाटतं, ती बाकीच्या तीन गोल फोटोंसाठी असते.

आता नेमकं काय हवं होतं आणि काय मिळालं, ते सांगतो.

नव्या कायद्याच्या कलम 3 ब प्रमाणे आधीपासून नोंद असलेल्या प्रत्येक वक्फचा तपशील सहा महिन्यांत सरकारी पोर्टलवर भरायचा होता. 'उमीद' पोर्टल सुरू झालं 6 जून 2025 ला. मुदत संपली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. 1 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ द्यायला नकार दिला आणि ज्याला अडचण असेल त्याने ट्रायब्युनलकडे जावं, असं सांगितलं. भरायचं काय होतं? मिळकतीची ओळख आणि हद्दी, सध्या वापर कोण करतं, वक्फ कोणी केला, केव्हा केला, कसा केला, वक्फनामा असेल तर तो, मुतवल्ली कोण, वर्षाचं उत्पन्न किती, शेतसारा आणि कर किती, खर्च किती, कोर्टात दावा चालू आहे का. माहिती मुतवल्लीने भरायची, त्याला पोर्टलच्या भाषेत 'मेकर' म्हणतात. मग 'चेकर' तपासणार, मग 'अप्रूव्हर' मंजूर करणार. तीन पायऱ्या. पोर्टल बंद झालं तेव्हा सरकारनेच आकडे दिले: देशभरात 5,17,040 मिळकतींची नोंद सुरू झालेली, त्यातल्या 2,16,905 मंजूर, 10,869 पडताळणीत नाकारलेल्या, बाकीच्या बहुतेक वाटेत कुठेतरी अडकलेल्या.

त्या नाकारलेल्या आणि अडकलेल्या प्रत्येक नोंदीमागे मशिदीच्या हुजऱ्यात बसलेला एक माणूस आहे. कंप्युटर सेंटरच्या पोराला पैसे देऊन त्याने कागद स्कॅन करून घेतले. त्याने जे विचारलं त्याची उत्तरं पोस्टरवरच्या चारही फोटोंकडे नक्की होती.

पहिला प्रश्न, पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबईकडचा. 'साहेब, आमची मशीद धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, नंबर "बी" ने सुरू होतो. आमच्या आजोबांच्या काळापासून हिशेब तिथेच देतो. आमचा ट्रस्ट की वक्फ? पोर्टलवर भरायचं की नाही?' वाचकहो, हा साधा प्रश्न नाही, पण उत्तर नसलेलाही नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली इथले मुस्लिम धर्मादाय नोंदले गेले. पुढे 1995 चा वक्फ कायदा आला, राज्याचं वक्फ मंडळ झालं आणि घोळ सुरू झाला. मुसलमानाने केलेला प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट वक्फ असतोच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितलं. नव्या कायद्यात कलम 2 अ ट्रस्टबद्दल वेगळं बोलतं. म्हणजे आधी तुमचा मूळ दस्त बघा, त्यात मिळकत कायमची अल्लाहच्या नावे सोडली आहे की विश्वस्तांच्या नावे ठेवली आहे ते वाचा, मंडळाच्या यादीत आणि राजपत्रात तुमचं नाव आलंय का ते शोधा, मग ठरवा. चार वाक्यांत ही वाट दाखवता येते. एका वेबिनारमध्ये चॅटमध्ये हाच प्रश्न तीन जणांनी विचारलेला मी पाहिला. सूत्रसंचालकाने तो वाचला, वक्ते म्हणाले, 'इट विल डिपेंड ऑन द फॅक्ट्स ऑफ ईच केस', आणि वेळ संपली. मागच्या पन्नास मिनिटांत त्यांनी प्रिव्ही कौन्सिलचे दोन निवाडे सविस्तर समजावले होते.

दुसरा प्रश्न मराठवाड्याचा, आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा. निजामाच्या काळात इथली सरकारी भाषा उर्दू. इनामाचे मुंतखब उर्दूत, जुन्या सनदा फारसीत. त्यामुळे लोक ते घेऊन माझ्यासारख्या उर्दूच्या मास्तराकडे येतात, 'सर, जरा वाचून बघा'. मी वाचतो. त्यात दोन शब्द फार महत्त्वाचे असतात: 'खिदमतमाश' आणि 'मददमाश', ज्याला महसूल खात्याच्या मराठीत मदतमाश म्हणतात. खिदमत म्हणजे सेवा. मशिदीची, दर्ग्याची किंवा देवळाची सेवा चालावी म्हणून दिलेली जमीन ती खिदमतमाश. सेवा करणारा पिढीजात राबतो, वहिवाटतो, पण जमीन त्या सेवेला बांधलेली. मदतमाश म्हणजे एखाद्या माणसाच्या पोटापाण्यासाठी दिलेली. एका शब्दाने जमीन संस्थेची की घराण्याची, हा झगडा बदलतो. सरकारी परिपत्रकांत हे दोन प्रकार वेगळे, त्यांचे नियम वेगळे. आणि कितीतरी गावांत सातबाऱ्यावर नुसतं 'इनाम वर्ग' असं काहीतरी लिहून, पुढे तेही पुसून, काम उरकलेलं आहे. मूळ मुंतखब वाचल्याशिवाय काही समजत नाही.

हे दोन शब्द एकाही वेबिनारमध्ये मी ऐकले नाहीत. एकाही. मराठवाड्यात, जिथे वक्फच्या जमिनींचे सर्वात जास्त तंटे याच शब्दांभोवती आहेत, तिथल्या परिषदेतसुद्धा नाही. आणि लक्षात घ्या, हा फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही. देवस्थानच्या खिदमतमाश जमिनीवर राबणाऱ्या गुरवाला, पुजाऱ्याला हाच कागद, हीच अडचण. आमच्या वकिलांनी हा विषय मराठीत मांडला असता तर शेजारच्या आळीतून चार माणसं येऊन बसली असती. वक्फ म्हणजे काहीतरी परकं, गूढ, जमिनी गिळणारं प्रकरण आहे असं ज्यांच्या डोक्यात भरवलं गेलंय, त्यांना आपल्या देवस्थानाच्या जमिनीचंही हेच आहे हे कळलं असतं. टीव्हीवरच्या शंभर चर्चांपेक्षा ते जास्त कामाचं होतं.

माझं वाचून दाखवणं तिथेच थांबतं, हेही सांगितलं पाहिजे. मी शब्दाचा अर्थ सांगतो, कायद्यातला परिणाम सांगायचा अधिकार आणि अभ्यास माझा नाही. लोक म्हणतात, 'सर, मग आता अर्ज कुठे करायचा?' मी म्हणतो वकिलाकडे जा. वकील म्हणतात, कागद उर्दूत आहे, भाषांतर करून आणा. तो परत माझ्याकडे येतो. अशा फेऱ्यांत ऑगस्ट गेला, दिवाळी गेली, डिसेंबर आला.

वकीलमित्रांशी यावर बोललो. त्यांची म्हणणी ऐकण्यासारखी आहेत, म्हणून प्रामाणिकपणे मांडतो.

एक जण म्हणाले, 'आम्हाला जाहिरात करायला बंदी आहे. बार कौन्सिलचा नियम 36. लोकांत जाऊन मार्गदर्शन केलं तर कामं गोळा करतो असा आरोप होईल.' नियम आहे, खराच आहे. वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कामासाठी गळ घालू नये. 2008 नंतर वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र इतकंच टाकायची मुभा मिळाली. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन जाहिरातींबद्दल कडक आदेश दिला. पण मला सांगा, गोल फोटो, मोबाईल नंबर, खाली 'वक्फ प्रकरणांतील तज्ज्ञ' अशी ओळ असलेलं पोस्टर चारशे ग्रुपांवर फिरतं तेव्हा हा नियम कुठे जातो? आणि गावच्या मशिदीत बसून, फोटो न लावता, फी न घेता, फॉर्म कसा भरायचा ते दाखवलं तर मात्र नियम आडवा येतो? कायदेविषयक साक्षरता हे तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने सांगितलेलं काम आहे. जिल्ह्याचं विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याची समिती शिबिरं घेते, त्यात वकील बोलतात, कोणाची सनद गेल्याचं मी ऐकलेलं नाही. तिथे जा की. जुम्म्याच्या नमाजनंतर शिबिर ठेवा म्हणून समितीला पत्र द्या.

दुसरे म्हणाले, 'कायदा सोपा करून सांगितला की अनर्थ होतो. अर्धवट ऐकून लोक स्वतःच अर्ज करतात.' हे मला सर्वात कमी पटलं. बाबासाहेब आंबेडकर परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीतून वकिली करायचे. इंग्रजी त्यांच्याइतकी कोणाची होती? विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली ती इंग्रजीत. आणि वतन म्हणजे काय, त्याने माणूस कसा बांधला जातो, हे 'बहिष्कृत भारत'मध्ये सांगितलं ते मराठीत, सविस्तर, ज्यांच्या पायात ती बेडी होती त्यांना समजेल असं. कुठलाही अनर्थ झाला नाही. आमचे वकील संविधानाच्या गोष्टी करताना बाबासाहेबांचं नाव दर दहा मिनिटांनी घेतात. नाव घेता तर त्यांची ही रीतही घ्या.

तिसरं म्हणणं मला खरं वाटतं. 'आम्हाला बोलवतात त्यांना हेच हवं असतं.' बरोबर आहे. संयोजक आपणच आहोत. आपल्याला मोठं नाव हवं, दिल्लीचा वकील हवा, फेसबुकवर टाकायला फोटो हवा. तालुका कोर्टातली, महसुली दावे चालवून हात काळे झालेली एखादी वकीलबाई आपल्याला वक्ती म्हणून सुचत नाही. तिला फेरफार कसा रद्द होतो ते माहीत असतं. तिला बोलावलं तर हॉल भरत नाही म्हणे.

बाई म्हटलं म्हणून आठवलं. हाच प्रकार मुस्लिम बायकांच्या हक्कांबाबत चालू आहे, आणि वक्फपेक्षा जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात 2002 साली पूर्ण पीठाने दगडू पठाण प्रकरणात निकाल दिला: नवऱ्याने कोर्टात 'मी तलाक दिला' असं नुसतं लिहून देणं पुरेसं नाही, कारण होतं का, समेटाचा प्रयत्न झाला का, हे सिद्ध करावं लागेल. निकाल आपल्या मातीतला. शायरा बानो निकालाच्या पंधरा वर्षं आधीचा. परिषदांमध्ये वकील त्याचा दाखला देत राहिले, आणि आमच्या मोहल्ल्यात पोस्टकार्डावर, मग मोबाईलवर तलाक येत राहिले. बाईला कोणी सांगितलंच नाही. 10 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तलाक झालेली मुस्लिम स्त्री जुन्या 125 कलमाखाली, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, पोटगी मागू शकते. त्यावर महिनाभर वेबिनार झाले, बाजूचे आणि विरोधातले. विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि 15100 वर फोन करता येतो, हे वाक्य मी ऐकलेल्यांपैकी एकातही कोणी उच्चारलं नाही. हा फोन नंबर पोस्टरवर छापायला कोणाचा विरोध होता?

आपण दीनदार लोक आहोत म्हणून एक गोष्ट. कुरआनमधली सर्वात लांब आयत कशाबद्दल आहे? नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. सूरह बकराची 282 वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. कागद करा, साक्षीदार घ्या, आणि ज्याला लिहिता येतं त्याने लिहून द्यायला नकार देऊ नये, कारण ते त्याला अल्लाहने शिकवलं आहे, असा तिचा आशय. कातिबावर टाकलेली ही जबाबदारी आज कोणावर येते? माझ्या मते कागदाची भाषा ज्याला येते त्या प्रत्येकावर. उर्दूच्या मास्तरावर थोडी, वकिलावर बरीच.

मुदत गेली म्हणून विषय संपलेला नाही, म्हणून हे सगळं आता लिहितोय. 3 ब कलमातच सोय आहे: मुतवल्लीने ट्रायब्युनलकडे अर्ज करून वेळेत न भरण्याचं सबळ कारण पटवलं, तर ट्रायब्युनल जास्तीत जास्त आणखी सहा महिने देऊ शकतं. 'सबळ कारण' म्हणजे काय? मुंतखबचं भाषांतर व्हायला तीन महिने गेले, हे कारण धरलं जाईल का? भूमी अभिलेखने नक्कल वेळेत दिली नाही, त्याची पोच जोडायची का? नोंद 'चेकर'कडे अडकली आणि कोणी उत्तरच दिलं नाही, तर स्क्रीनचा फोटो पुरावा म्हणून चालेल का? एका जमातच्या चार मिळकती असतील तर अर्ज एक की चार? नाकारलेल्या नोंदीसाठी वेगळी दाद मागायची का? ही उत्तरं आज हवी आहेत, आणि ती माझ्याकडे नाहीत, वकिलांकडे आहेत.

येत्या महिन्यात आमच्या जिल्ह्यात पुन्हा परिषद आहे. पत्रिका आली, विषय 'संविधान, वक्फ आणि आपण', वक्ते पाच, जेवणाची सोय आहे. मी संयोजकांना कळवलंय की शेवटची अर्धी तास भाषण ठेवू नका. एक मुंतखब, एक 'बी' नंबरचा धर्मादायचा उतारा आणि पोर्टलवरून नाकारलेल्या एका नोंदीची प्रिंट, नावं झाकून, मी पडद्यावर दाखवतो. वकीलसाहेबांनी माईक घेऊन, मराठीत, या तीन कागदांचं पुढे काय करायचं तेवढं सांगावं. मुंतखब वाचायला अडचण आली तर मी शेजारी उभा राहीन.